ग्रीक कॅम्पेनसाठी कुठलं पुस्तक घ्यावं: देव रुसला तर नियम काय म्हणतो?

ग्रीक पुराणकथांवर कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारा टेबलावरचा रोलप्लेइंग खेळ, काढायचं ठरलं की गटातला एकजण लगेच पुस्तकांची यादी टाकतो, दुसरा किंमत बघून हबकतो आणि तिसरा म्हणतो, मिनोटॉर आणि मेडुसा तर आपल्याकडच्या पुस्तकातही आहेत की. तिसऱ्याचं बरोबर आहे. मिनोटॉर, मेडुसा, हायड्रा, हार्पी, सायक्लॉप्स, कायमेरा हे सगळे डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या साध्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये वर्षानुवर्षं बसलेले आहेत. नुसत्या राक्षसांसाठी वेगळं पुस्तक घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग पुस्तक घ्यायचं कशासाठी? ग्रीक कथा ग्रीक वाटते ती चार गोष्टींमुळे: देवाची मर्जी आणि रोष, शपथ आणि पाहुणचार, कीर्ती, आणि मेल्यानंतरचा प्रवास. या चारपैकी किती गोष्टींना पुस्तकात खरोखरचा नियम आहे, म्हणजे आकडा, डाइस, काहीतरी टेबलावर हलणारं आहे, हीच कसोटी लावायची. सुंदर चित्रं आणि संगमरवरी खांब सगळ्यांकडे आहेत.

सुरुवात सर्वांत प्रसिद्ध पुस्तकापासून. 'मिथिक ओडिसीज ऑफ थेरॉस' हे विझार्ड्स ऑफ द कोस्टचं २०२० चं पुस्तक, २५६ पानं, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांसाठी. थेरॉस हे मूळचं 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातलं जग, त्यामुळे यात झ्यूस नाही आणि अथीनाही नाही. त्यांच्याऐवजी स्वतःचे पंधरा देव आहेत. समुद्राची थासा, भट्टीचा पर्फोरॉस, पाताळाचा एरेबॉस, शिकारीची नायलिया ही मंडळी चटकन ओळखू येतात. झ्यूसची मात्र वाटणी झाली आहे: सूर्य आणि राजेपण हेलिऑडकडे, वादळ केरानॉसकडे. शहरं तीन: मेलेटिस म्हणजे अथेन्सची सावली, अक्रॉस म्हणजे स्पार्टाची, आणि सेटेसा अॅमेझॉन स्त्रियांच्या वळणाची.

या पुस्तकाचा खरा माल म्हणजे 'पायटी', देवाच्या मर्जीचा आकडा. देव निवडला की १ पासून सुरुवात. देवाला आवडेल असं केलं की वाढतो, नावडतं केलं की घटतो, आणि ३, १०, २५ व ५० या टप्प्यांवर वरदानं मिळतात. प्रत्येक देवाला काय आवडतं आणि काय खपत नाही याची यादी त्याच्या त्याच्या प्रकरणात दिली आहे, ती डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, सोन्यासारखी. आकडा टप्प्याखाली घसरला तर वरदान जातं. म्हणजे देव रुसला तर काय, याचं उत्तर इथे आहे.

गडबड होते ती हिशेबात. साधारण एका सेशनला, म्हणजे एका बैठकीला, एक गुण वाढेल असं पुस्तक गृहीत धरतं. मग ३ चा टप्पा दोन सेशन्सनंतर, १० चा नऊनंतर, २५ चा चोवीसनंतर आणि ५० चा एकोणपन्नास सेशन्सनंतर. आता आपल्या गोव्यातलं वर्ष बघा. महिन्यातून दोन रविवार धरले, त्यातून चवथ, शिगमो, परीक्षा आणि गावच्या जत्रा वजा केल्या, तर वीसेक सेशन्स हातात राहतात. म्हणजे तिसरं वरदान वर्ष उलटल्यावर आणि चौथं जवळजवळ कधीच नाही. टप्पे ३, ७, १३, २० असे करून घ्या, वर्षभरात चारही गाठता येतात. एकच खबरदारी: ५० ला पुस्तक एका अॅबिलिटीत (ताकद, बुद्धी अशा गुणात) २ ची वाढ देतं आणि तिची कमाल मर्यादाही २ ने वर नेतं. ते २० गुणांवर द्यायचं असेल तर वाढ द्या, मर्यादा मात्र २० वरच ठेवा. नाहीतर आठव्या-नवव्या लेव्हलला आकडे हाताबाहेर जातात.

दुसरी गडबड देवांच्या गर्दीची. पाच खेळाडूंनी पाच देव निवडले की डीएमच्या डोक्यावर पाच मर्जी, पाच रोष आणि पाच याद्या येतात. तिसऱ्या सेशनला तो गुण द्यायचं विसरतो, पाचव्याला खेळाडूही विसरतात आणि पायटी कागदावर मरून पडते. यावर उपाय म्हणजे दोन, फार तर तीन भक्त. बाकीच्यांना पुस्तकातली इतर 'सुपरनॅचरल गिफ्ट्स' घ्यायला लावा. त्यात देवच न मानणाऱ्यासाठी 'आयकॉनोक्लास्ट' आहे आणि ते टेबलावर फार मजा आणतं, कारण वादाला तोंड फुटतं. गुण द्यायचे ते सेशन संपताना, सगळ्यांसमोर, तोंडाने कारण सांगून. डीएमने घरी जाऊन वहीत टिपलेल्या गुणाला काही किंमत उरत नाही.

पात्रांच्या बाजूने तीन इशारे. सेंटॉर निवडणाऱ्याला आधीच सांगा की हातापायांनी चढायच्या जागी त्याला प्रत्येक फुटामागे चार फूट जास्तीचे खर्च करावे लागतात. शिडी, कडा, जहाजाचा दोरखंड, सगळीकडे तो अडकतो, आणि ग्रीक कॅम्पेनमध्ये जहाज नसेल असं होत नाही. सॅटिर उलट्या टोकाला. मंत्रांपासून वाचण्यासाठीच्या टाकीवर, म्हणजे सेव्हिंग थ्रोवर, त्याला कायम अॅडव्हान्टेज (दोन डाइस टाकून मोठा आकडा), वर तो माणूस नसून फे म्हणजे परीलोकातल्या जातीचा, त्यामुळे माणसांना जखडणारा होल्ड पर्सनसारखा मंत्र त्याला लागूच होत नाही. जादूगार हा मुख्य शत्रू असलेल्या कॅम्पेनमध्ये ही जात हवी की नको हे पहिल्याच दिवशी ठरवा.

तिसरा इशारा कॉलेज ऑफ एलोक्वेन्सच्या बार्डचा, म्हणजे वक्तृत्वात तरबेज भाटाचा. तिसऱ्या लेव्हलपासून पर्स्वेजन (मन वळवणं) आणि डिसेप्शनच्या (फसवणं) तपासणीत त्याला डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर, ९ किंवा कमी आलं तरी ते १० धरायचं. पाचव्या लेव्हलचा हिशेब करा: करिश्मा १८, म्हणजे बेरजेत ४. प्रोफिशिअन्सी (कौशल्याची भर) ३, एक्स्पर्टीज घेतली की दुप्पट, म्हणजे ६. एकूण १० आणि डाइसचे किमान १०. डीसी २० ची, म्हणजे किमान २० लागणारी, तपासणी हा बार्ड झोपेतही जिंकतो. राजसभा, न्यायनिवाडा, अॅगोरातली म्हणजे भर चौकातली भाषणं हा ग्रीक कथेचा निम्मा जीव, आणि तिथे डाइस टाकायचं कारणच उरत नाही. नियम बदलू नका, खेळाडूने तेच विकत घेतलेलं असतं. प्रश्न बदला: राजा ऐकेल का, हा प्रश्न सोडून द्या आणि ऐकल्याबद्दल बदल्यात काय मागेल, यावर खेळ न्या.

राक्षसांच्या प्रकरणात 'मिथिक' नावाची एक चांगली युक्ती आहे. राक्षसाचे एचपी (जिवाचे गुण) शून्यावर आले की तो मरत नाही, नव्या रूपात उठतो, आणि लढाईचा दुसरा डाव सुरू होतो. एक्सपी (अनुभवाचे गुण) दुप्पट, कारण मेहनतही दुप्पट. पण पुस्तकात हे फक्त तिघांना दिलं आहे: हिथोनिया चॅलेंज रेटिंग (राक्षस किती भारी त्याचा आकडा) १७, अरास्टा २१, ट्रोमोक्रॅटिस २६. बहुतेक कॅम्पेन्स दहाव्या लेव्हलच्या आसपास विरतात. म्हणजे जेवणाचं पान वाढलं आणि मासळीच नाही. तेव्हा युक्ती उचला आणि खालच्या राक्षसाला लावा. साधी मेडुसा घ्या, चॅलेंज रेटिंग ६, एचपी १२७. शून्यावर आली की डोक्यावरचे साप तुटून जमिनीवर पडतात आणि वळवळत पसरतात; मेडुसाला ६० एचपी परत मिळतात, आणि तिच्याभोवतीची दहा फूट जमीन सापांनी भरते, तिथे टर्न सुरू करणाऱ्याने डीसी १४ चा कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा दम) सेव्ह करायचा, चुकला तर २डी६ म्हणजे सहा बाजूंच्या दोन डाइसइतकं विष. सहाव्या लेव्हलच्या चौघांना हे पुरेसं जड जातं. मात्र पूर्वसूचना द्या. भविष्यवाणीत, भिंतीवरच्या चित्रात, कुठेतरी 'ती दोनदा मरते' हे दिसू द्या. न सांगता दुसरा डाव लादला की खेळाडूंचे मंत्र संपलेले असतात आणि लढाई थरारक व्हायची ती रटाळ होते.

कीर्ती आणि पाहुणचार यांच्या बाबतीत थेरॉस ढिला आहे. मृत्यूच्या बाबतीत वर्णन उत्तम: पाताळाचे पाच प्रांत, टार्टिक्स नदी, नावाडी अॅथ्रिऑस, आणि पाताळातून पळून आलेले 'रिटर्न्ड', ज्यांची ओळख पुसली गेली आहे आणि तोंडावर सोन्याचा मुखवटा आहे. पण पाचव्या लेव्हलचा क्लेरिक, म्हणजे पुजारी, ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्चून एका मिनिटाच्या आत मेलेल्याला उठवतो, नवव्या लेव्हलला ५०० च्या हिऱ्यात दहा दिवसांपूर्वीचा उठतो. मग पाताळात उतरायचं कोणी आणि कशाला? सरळ ठरवा: रिव्हिव्हिफाय (तो मिनिटाच्या आतला मंत्र) चालेल, त्याच्या वरचे उठवण्याचे मंत्र बंद, आणि ज्याला मित्र परत हवा त्याने नदी ओलांडून जावं. एक अख्खं सेशन फुकट मिळतं.

एक किरकोळ पण खिशाची गोष्ट. या पुस्तकातले दोन्ही सबक्लास (पात्राच्या पेशाचे उपप्रकार), बार्डचा एलोक्वेन्स आणि पॅलडिनचा म्हणजे धर्मयोद्ध्याचा ओथ ऑफ ग्लोरी, त्याच वर्षीच्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये पुन्हा छापले आहेत, आणि ग्लोरी २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्येही आहे. गटात कोणाकडे ती पुस्तकं असतील तर सबक्लाससाठी थेरॉस घ्यायचं कारण नाही. पायटी आणि देवांची प्रकरणं हेच कारण.

आता 'ओडिसी ऑफ द ड्रॅगनलॉर्ड्स'. जेम्स ओलेन आणि जेसी स्काय हे दोघे बायोवेअरमध्ये व्हिडिओ गेम्स करणारे, ओलेन तर 'बाल्डर्स गेट'चा मुख्य डिझायनर. त्याचा ठसा या पुस्तकावर स्पष्ट आहे. हे तयार कॅम्पेन आहे, साडेचारशेहून जास्त पानांचं, पहिल्या लेव्हलपासून पंधराच्या आसपास नेणारं, पाचव्या आवृत्तीचंच. थायलिया नावाचा देश, तिथे सायडॉन आणि लुथेरिया हे टायटन, आणि पाचशे वर्षांपूर्वी झालेला शांततेचा करार, ज्याची मुदत आता संपली आहे. सुरुवात एका दांडग्या रानडुकराच्या शिकारीने होते, ग्रीक कथेतल्या कॅलिडॉनच्या डुकराची आठवण करून देणारी.

थेरॉसमध्ये जे नाही ते इथे आहे. शपथेला इथे वजन आहे, पाहुणचाराला नियम आहे, कीर्तीचा वेगळा हिशेब आहे. आणि प्रत्येक पात्राला एक 'एपिक पाथ': डेमीगॉड, ड्रॅगनस्लेयर, डूम्ड वन, हॉन्टेड वन, लॉस्ट वन, व्हॅनिश्ड वन, गिफ्टेड वन. हा मार्ग म्हणजे नुसती पार्श्वभूमी समजू नका, मुख्य कथानकात त्या त्या पात्राचे ठरलेले प्रसंग पेरलेले आहेत. त्यामुळेच एकाच मार्गावर दोघांना बसवायचं नाही. आणि म्हणूनच चार महिन्यांनी एक खेळाडू नोकरीसाठी पुण्याला किंवा दुबईला गेला की मोठं खिंडार पडतं, त्याच्या वाट्याचं कथानक लोंबकळत राहतं. पहिल्याच दिवशी प्रत्येक मार्गासाठी एक एनपीसी (डीएम चालवतो ते पात्र) वारस ठरवून ठेवा: धाकटा भाऊ, शिष्य, जहाजावरचा सुकाणूवाला. खेळाडू गेला तर नवीन येणारा त्या वारसाला उचलतो आणि शपथही वारशाने येते. ग्रीक कथेत बापाचा शाप पोराला भोवतो, तेव्हा हे ओढूनताणून आणलेलं वाटतही नाही.

या पुस्तकाची खरी अडचण मध्यात आहे. जहाज मिळाल्यावर समुद्र मोकळा होतो, बेटं कुठल्याही क्रमाने घेता येतात, पण प्रत्येक बेटाची अवघडता सारखी नाही. खेळाडू हौसेने जड बेटावर आधी उतरले तर गट साफ होऊ शकतो. नाखव्याच्या तोंडून अफवा पेरा आणि त्या अफवांतच लेव्हलचा अंदाज द्या. शिवाय डीएमने ते पूर्ण आधी वाचलंच पाहिजे. पहिल्या प्रकरणात भेटलेली माणसं शेवटी कोण निघतात हे माहीत नसताना चालवलं तर पुढे निस्तरता येत नाही. वाचायला वेळ नसेल तर हे पुस्तक घेऊ नका.

'अॅगॉन' हा वेगळा प्राणी. जॉन हार्परने २००६ मध्ये पहिल्यांदा काढला, आणि २०२० मध्ये शॉन निटनरबरोबर एव्हिल हॅटकडून पूर्ण नव्याने आला. आम्ही बोलतोय ते नव्या आवृत्तीबद्दल. हा स्वतंत्र खेळ आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्सशी संबंध नाही. युद्धावरून घरी परतणारे वीर एकामागून एक बेटांवर लागतात, प्रत्येक बेटावर देवांची काहीतरी मागणी असते, ती पुरी करायची किंवा मोडायची आणि पुढे निघायचं. एक बेट म्हणजे साधारण एक सेशन. पुस्तकात बेटं तयार आहेत, डीएमची तयारी जवळजवळ शून्य. इथे डीएमला 'स्ट्राइफ प्लेयर' म्हणतात.

डाइस कसे चालतात ते एका उदाहरणाने बघू. वीराकडे नावाचा एक डाइस, बिरुदाचा एक आणि ज्या क्षेत्रातली झुंज असेल त्याचा एक. क्षेत्रं चार: कला आणि वक्तृत्व, रक्त आणि शौर्य, कसब आणि बुद्धी, निश्चय आणि आत्मबल. समजा नावाचा डी६, बिरुदाचा डी८, शौर्याचा डी८. पडले ४, ७ आणि ३. सर्वांत मोठे दोन घ्यायचे: ११. समोर स्ट्राइफ प्लेयरने राक्षसाचे डाइस टाकले, त्यातला सर्वांत मोठा एकच धरायचा, तो ७, त्यात नेहमीचा ५ मिळवला की झाले १२. वीर हरतोय. आता तो देवाची कृपा खर्च करतो, डी४ टाकतो, २ पडतात, आणि हे २ थेट बेरजेत जातात: १३. जिंकला. टेबलावरचे सगळे वीर एकाच आकड्याविरुद्ध टाकतात आणि ज्याचा आकडा सर्वांत मोठा त्याला कीर्तीचा मोठा वाटा मिळतो. म्हणजे मित्र बरोबर असतात आणि प्रतिस्पर्धीही असतात. आकिलीज आणि आगामेम्नॉन एकाच छावणीत का भांडत होते हे या एका नियमात कळतं.

डाइस टाकताना नाव, बिरुद आणि कुळ मोठ्याने उच्चारायचं असतं. इथे मराठी टेबलाला आयती सोय आहे. जत्रेच्या नाटकात तोंडाला रंग लावलेला किंवा पेडण्याकडे दशावतारी बघत वाढलेला खेळाडू हे लाजत नाही, उलट त्याला आवरावं लागतं. बिरुदं मराठीतच ठेवा. इंग्रजी बिरुद उच्चारताना आवाज पडतो.

देवांचा हिशेब इथे आकाशात आहे. प्रत्येक बेटानंतर कुठला देव प्रसन्न झाला आणि कुठला रागावला याची खूण नक्षत्रांच्या तक्त्यावर करायची, आणि तो तक्ता पुरेसा भरला की घराची वाट उघडते. पायटीसारखा प्रत्येकाचा वेगळा आकडा नाही, सगळ्यांची मिळून एक मर्जी. हे विसरलं जात नाही, कारण तक्ता टेबलाच्या मध्यभागी असतो. मृत्यूही वेगळा: वीर लढाईत धडाधड मरत नाहीत, त्यांची नियतीची पट्टी भरत जाते आणि ती संपली की त्यांची कथा संपते.

अॅगॉन फसतो तो दोन ठिकाणी. लुटालूट, जादूच्या तलवारी, लेव्हल यांची चटक लागलेल्या खेळाडूला इथे काहीच मिळत नाही, आणि तिसऱ्या बेटाला तो जांभया देतो. दुसरं, एका झुंजीत एकच टाक असल्यामुळे वर्णन करण्याची जबाबदारी खेळाडूवर येते. 'मी जिंकलो' एवढं म्हणून बसणारा गट असेल तर दोन तासांचं बेट चाळीस मिनिटांत आटपतं. लांबलचक कॅम्पेनसाठी हा घेऊ नका. सहा-आठ बेटांसाठी याच्या तोडीचं दुसरं काही नाही, हे मात्र ठामपणे सांगतो.

स्वतःचं बेट लिहायचं असेल तर भूगोल लांबून आणायची गरज नाही. चोडण, दिवाडी, जुवें, वांशी, कुंभारजुवें ही मांडवीतली बेटं नकाशावर बघा: खारफुटी, बांध, खाजन शेती, फेरीबोटीचा धक्का. बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पीक बुडतं, एवढ्या एका गोष्टीवर पोसायडनचा राग उभा राहतो. फक्त भूगोल घ्या, देवस्थानं आणि राखणदार घेऊ नका. ज्या देवाला खेळाडूच्या घरी रोज फूल वाहिलं जातं त्याच्याशी डाइस टाकून झुंज लावली की कोणीतरी दुखावतोच. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८० च्या 'डीटीज अँड डेमीगॉड्स'ने हीच आगळीक केली होती. झ्यूसला ४०० एचपी दिले तिथवर कोणी बोललं नसतं, पण त्याच पुस्तकात पुढे आपल्या देवांचं प्रकरण आहे, त्यांनाही तसेच एचपी आणि एसी (बचावाचा आकडा). 'सायन' या दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतही ग्रीक देवांच्या शेजारी आपले देव आहेत. खेळ म्हणून तो आधुनिक शहरात देवांच्या मुलांना फिरवतो, प्राचीन ग्रीस त्यात शोधू नका.

फुकट काही आहे का? आहे, आणि चांगलं आहे. ओलिव्हिये लग्राँचं 'मेझेस अँड मिनोटॉर्स', २००६ पासून पीडीएफमध्ये विनामूल्य. कल्पना गमतीची: पहिला रोलप्लेइंग खेळ मध्ययुगीन युरोपऐवजी ग्रीक कथांवर निघाला असता तर कसा दिसला असता. पुस्तक त्या सोंगाशी इतकं प्रामाणिक आहे की जुनाट नियमांची टोकंही मुद्दाम ठेवली आहेत. डीएमला 'मेझ मास्टर' म्हणतात. स्पिअरमन, अॅमेझॉन, नोबल, निम्फ, लायरिस्ट, एलिमेंटलिस्ट अशा क्लासेसमधून पात्र अर्ध्या तासात तयार होतं. आणि एक नियम फार हुशार आहे: योद्धे 'ग्लोरी'ने वाढतात, जादूवाले 'विजडम'ने, बाकीचे 'एक्स्पीरियन्स'ने. म्हणजे सगळ्यांना एकाच कामाचं बक्षीस नाही. पाचव्या आवृत्तीत खेळत असलात तरी हे उचलून न्या. वाईट बाजू एवढीच की देवांची मर्जी बऱ्याच अंशी डीएमच्या लहरीवर सोडलेली आहे, आणि पुस्तकं एकाऐवजी अनेक असल्यामुळे नियम शोधताना फायली चाळाव्या लागतात. नवशिक्यांना आणि कॉलेजच्या पोरांना हेच द्यावं.

जुन्या पुस्तकांपैकी एज ऑफ हीरोज, मिथिक ग्रीस ही नावं संग्राहकांसाठी. पहिलं टीएसआर या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या प्रकाशकाचं, १९९४ चं, हिरव्या कव्हरच्या ऐतिहासिक मालिकेतलं सहावं. दुसरं अॅरन अॅलस्टनचं १९८८ चं, रोलमास्टर या खेळासाठी. नियम आज कामाचे नाहीत.

गर्प्स या खेळाचं 'गर्प्स ग्रीस' मात्र अजून कामाचं आहे. १९९५, जॉन झायग्लर, १२८ पानं. यातल्या नियमांची गरज नाही, माहितीची आहे: राजवाड्यांचा काळ, वीरांचा काळ आणि अथेन्स-स्पार्टाचा काळ वेगवेगळे करून मांडले आहेत. बहुतेक डीएम तिन्ही काळांची भेळ करतात, कांस्ययुगाच्या राजाशेजारी मतदान करणारे नागरिक उभे करतात. चालतं म्हणा, पण एकदा ठरवून करा. पैशांचं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ६ ओबोल म्हणजे १ द्राक्मा, १०० द्राक्मांचा १ मिना, ६० मिनांचा १ टॅलेंट. जहाज ट्रायरीम (वल्ह्यांच्या तीन रांगांचं युद्धजहाज) असेल तर १७० वल्हेकरी, एकूण माणसं दोनशेच्या घरात, आणि पाच खेळाडूंच्या गटाला ते झेपत नाही. ५० वल्ह्यांचं पेंटेकॉन्टर द्या, तेही भाड्याने.

या पुस्तकातल्या माहितीवरून पाचव्या आवृत्तीसाठी एक घरगुती नियम होतो. हॉप्लाइटची, म्हणजे ग्रीक पायदळ सैनिकाची, ढाल सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची, सातेक किलोची, डाव्या हातावर. ती अर्धी स्वतःला झाकते आणि अर्धी डावीकडच्या गड्याला. म्हणजे माझी उजवी बाजू झाकतो तो माझ्या उजवीकडचा. नियम असा: तुमच्या उजव्या हाताच्या लगतच्या चौकोनात ढाल घेतलेला साथी असेल तर तुम्हाला एसीमध्ये १ जास्त, हाफ कव्हर (अर्ध्या आडोशाचा फायदा) मिळत असेल तर हा धरायचा नाही. रांगेच्या उजव्या टोकाच्या माणसाला हे कधीच मिळत नाही. त्या जागेवर कोण उभा राहणार यावरून टेबलावर जो वाद होतो तो ऐकण्यासारखा असतो. ग्रीकांच्या फलटणी चालता चालता उजवीकडे का सरकत जायच्या, तेही कळतं.

भविष्यवाणीचा नियम कुठल्याच पुस्तकात नीट नाही, म्हणून तो स्वतः करावा लागतो. इथल्या टेबलांवर पहिला मोह होतो तो देवळातल्या प्रसादाचा: पाकळी उजवीकडे पडली तर हो, डावीकडे तर नाही. तसं करू नका. हो-नाहीचं उत्तर मिळालं की खेळाडूंना विचार करायला काही उरत नाही. डेल्फीच्या देवळाने लिडियाच्या क्रीसस राजाला सांगितलं होतं की तू हॅलिस नदी ओलांडलीस तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. झालं नष्ट, त्याचंच. तशी एक ओळ लिहा जिचे दोन अर्थ होतात, दोन्ही अर्थ स्वतःच्या वहीत लिहा, आणि खेळाडू ज्या अर्थावर पैज लावतील त्याच्या उलट अर्थाला किमान अर्धी संधी ठेवा. दर वेळी उलटंच निघालं तर तिसऱ्यांदा कोणी ओरॅकलकडे, म्हणजे भविष्य सांगणाऱ्याकडे, जात नाही.

पाचवी आवृत्ती सोडायची नसेल आणि अॅगॉनची बेटं हवी असतील तर रूपांतर सोपं आहे. बेटावरच्या अडथळ्याचा मोठ्यात मोठा डाइस बघा: डी६ ला डीसी १२, डी८ ला १४, डी१० ला १६, डी१२ ला १८. सगळ्या खेळाडूंनी तपासणी करायची, सर्वांत मोठा आकडा आलेल्याला एक इन्स्पिरेशन (पुढच्या टाकीला वापरायचं बक्षीस), डीसी न गाठलेल्याला एक पातळी थकवा किंवा हिट डाइस (एचपी भरून काढायचा डाइस) एक कमी. दोन्ही एकदम नको, थकवा २०१४ च्या नियमांत तिसऱ्या पातळीला फार जड जातो. शेवटच्या लढाईला मात्र साधी लढाईच ठेवा. बेट संपल्यावर पायटीचे गुण द्या आणि तक्त्यावर खूण करा.

छपाईचं एक सांगायचं राहिलं. जून ते सप्टेंबर जाड पुठ्ठ्यांची आयात पुस्तकं टेबलावर उघडी ठेवू नका. इथल्या दमटपणात गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात आणि पुठ्ठ्यावर बुरशी धरते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि टेबलावर फक्त झेरॉक्स आणा: प्रत्येक भक्ताला त्याच्या देवाची आवडी-नावडीची यादी, एकच पान, लॅमिनेट केलेलं. पात्रांच्या कागदावर पेन्सिलच वापरायची, जेल पेनची शाई पसरते. वीज गेली तर अॅगॉनला मेणबत्ती पुरते, पाचव्या आवृत्तीची लढाई लॅपटॉपवर चालवत असाल तर इन्व्हर्टर आधी तपासा.